हद्द संपते तिथे योजना संपते : नाशिक जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नाशिक

स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्याचा पालकमंत्री कोण, यावर २०२५ मध्ये महिनोन्महिने खल चालला. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी खल जिल्ह्याचा पैसा कुठे जिरतो आणि कुणापर्यंत पोचत नाही यावर व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र. मी अंबड-सातपूरच्या लहानमोठ्या कारखान्यांची पगारपत्रकं, पीएफ, ईएसआयची कामं करतो. घर निफाड तालुक्यातलं, वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे. त्यामुळे महिन्याच्या सात तारखेला कंत्राटी कामगाराच्या खात्यात किती पडतं ते मला दिसतं आणि छाटणीला आलेल्या टोळीचा हिशेब कसा होतो तेही दिसतं.

म्हणणं एकच आहे. उत्पन्नातली दरी हा विषय बैठकीत निघालाच तर कणवेचा म्हणून निघतो. तो अर्थकारणाचा म्हणून निघायला हवा, कारण ही दरी जिल्ह्याची वाढच अडवून धरते. आणि ती बुजत नाही याचं एक कारण थेट तुमच्या हातातलं आहे : योजना तालुक्याच्या हद्दीला बांधलेल्या आहेत आणि गरीब माणूस पोटासाठी नेमकी तीच हद्द ओलांडतो.

राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाचा आकडा जिल्ह्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. पंधरा तालुके मिळून एक ओळ. त्या ओळीत ओझरचा विमान कारखाना आहे, नाशिकरोडचे प्रेस आहेत, पिंपळगाव-लासलगावच्या बाजार समित्या आहेत, युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आहेत. त्याच ओळीत पेठ आणि सुरगाणाही आहेत, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दहातली नवाहून जास्त माणसं आदिवासी आहेत. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात पडतो आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीत उतरणाऱ्या बायकांचे फोटोही तिथूनच येतात. २०२२ च्या अखेरीला सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी, सोयी मिळणार नसतील तर आम्हाला गुजरातला जोडून द्या, अशी मागणी केली होती. तेव्हा सगळ्यांचीच धावपळ झाली. पुढे विषय मागे पडला.

आता हद्द ओलांडली जाते म्हणजे काय होतं ते सांगतो. दसऱ्याच्या मागंपुढं ऑक्टोबर छाटणीचा हंगाम धरतो. पंचवटीत पेठ फाट्यावर सकाळी जाऊन उभे राहा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली माणसं तिथे कामाची वाट बघत असतात आणि निफाड-दिंडोरीचे बागायतदार पिकअप घेऊन भाव करत असतात. बऱ्याच टोळ्या मात्र फाट्यावर येतच नाहीत, मुकादमामार्फत आधीच ठरलेल्या असतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल असते, ती कामातून फिटत जाते. काम एकरी उक्ते. छाटणी, काडीला पेस्ट लावणं, मग फेलफुट म्हणजे घड नसलेल्या फुटी काढणं, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, विरळणी. जेवढ्या झपाट्यानं हात चालेल तेवढी मजुरी, म्हणून नवरा-बायको दोघंही उजाडायच्या आत बागेत. त्यांची नऊ-दहा वर्षांची थोरली पोर वेलीच्या अँगलला बांधलेल्या झोळीतल्या तान्ह्याला झोके देत बसते. पाड्यावरच्या शाळेच्या पटावर तिचं नाव आहे. यू-डायसमध्येही, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतही, ती शिकतेच आहे. ती शाळेत नाही, हे फक्त तिच्या गुरुजींना आणि आम्हाला ठाऊक.

तिची आई पुन्हा गरोदर असली तर? आदिवासी भागातल्या अंगणवाडीत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं, चौरस जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी. उत्तम योजना. पण ती आदिवासी क्षेत्रापुरती. निफाड तालुका त्या क्षेत्रात बसत नाही. म्हणजे ती बाई पिकअपमध्ये चढली त्या दिवसापासून तिचं जेवण बंद, आणि ते सुरू होतं शिमग्याला ती घरी परतली तर. निफाडच्या साध्या अंगणवाडीत नाव लावता येतं, कागदावर. बागेतल्या शेडपासून अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर, आणि टोळी दर पंधरवड्याला मळा बदलते. कोण लावणार नाव?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली निघाली. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ३४.४ टक्के होतं. मधल्या काळात राज्याचं उत्पन्न वाढलं आणि हा आकडा घसरायच्या ऐवजी किंचित चढला. पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतचे जे हजार दिवस, त्यात झालेली आबाळ पुढे भरून काढणं फार अवघड असतं. उंचीबरोबर मेंदूची वाढही मार खाते. ते मूल शाळेत मागे पडतं, पाचवी-सातवीला गळतं आणि पंधरा वर्षांनी आपल्याच बापाच्या टोळीत कात्री घेऊन उभं राहतं.

इकडे माझे अंबडचे कारखानदार भेटतील तिथे एकच रडगाणं गातात : सीएनसी म्हणजे संगणकावरची मशीन चालवायला माणूस मिळत नाही, आला तर टिकत नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही. आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी लागते. जी मुलं पाचवीतच गळाली ती त्या दारापर्यंत पोचणार कशी? नाशिक शहरापासून पेठ काही फार लांब नाही, पन्नासेक किलोमीटर. तेवढ्या अंतरात एकीकडे माणूस मिळत नाही आणि दुसरीकडे माणसाला काम मिळत नाही. विषमता वाढीला कशी मारते हे समजून घ्यायला नाशिककरानं यापलीकडे कुठे जायची गरज नाही. गरिबाघरी हुशार मूल जन्मालाच येत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच्या शिक्षणावर घालायला घरात पैसा नसतो आणि त्यासाठी कर्ज द्यायला बँक तयार नसते. ती हुशारी वाया जाते, आणि ती वाया गेल्याचा फटका फक्त त्या घराला नव्हे, सगळ्या जिल्ह्याच्या उत्पादनाला बसतो. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात तळच्या दहा टक्क्यांतल्या घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत चढायला सात पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन.

मानव विकास निर्देशांकात हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं दिसते. २०२३ सालासाठी भारताचा निर्देशांक ०.६८५, १९३ देशांत १३० वा क्रमांक. आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न यांची वाटणी किती असमान आहे ते हिशेबात धरलं की त्यातला ३०.७ टक्के भाग गळून पडतो आणि उरतात ०.४७५. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये हा निर्देशांक पुढे आणला तो देशाची श्रीमंती आणि माणसांचं जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला. जिल्ह्यालाही तेच लागू आहे.

तुमच्यापैकी एखादा अभ्यासू सदस्य म्हणेल, विषमता घटली असं खुद्द जागतिक बँक सांगते. बरोबर. त्या बँकेच्या आकड्यांत भारताचा गिनी (विषमतेचं माप; शून्य म्हणजे सगळे समान, आकडा चढेल तशी दरी मोठी) २०११-१२ मधल्या २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला आणि त्यावरून बरेच ढोल वाजले. पण हा गिनी खर्चाचा आहे, कमाईचा नाही. मजूर कमावतो ते सगळं तेल-मीठ-औषधात घालतो. श्रीमंताची कमाई फ्लॅटमध्ये, शेअरमध्ये, जमिनीत जाते, ती खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. त्याच बँकेच्या त्याच टिपणात उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचं लिहिलं आहे. ते वाक्य मात्र कुणी वाचून दाखवलं नाही. अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबात वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा आहे आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे १५ टक्के.

दुसरा युक्तिवाद जुना आहे : आधी गुंतवणूक येऊ द्या, वाढ होऊ द्या, वाटणीचं पुढे बघू. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असं मांडलं की देश शेतीतून उद्योगाकडे जाताना विषमता आधी वाढते आणि नंतर आपोआप उतरते. सगळे त्यांचा दाखला देतात. आपल्या त्या निबंधात पाच टक्के माहिती आणि पंचाण्णव टक्के तर्क आहे, असं कुझनेट्स स्वतःच लिहून गेले, ते कुणी सांगत नाही. दक्षिण कोरिया आणि तैवाननं उलट केलं. १९५० च्या आसपास कुळांना जमिनी दिल्या, पोरांना शाळेत घातलं आणि कारखानदारी त्या पायावर उभी केली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही काही डाव्यांची संघटना नव्हे. तिच्या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये अनेक देशांचे आकडे तपासून सांगितलं की वरच्या वीस टक्क्यांचा उत्पन्नातला वाटा एक टक्का-बिंदूनं वाढला तर पुढच्या पाच वर्षांत वाढीचा दर ०.०८ टक्का-बिंदूनं घसरतो, आणि खालच्या वीस टक्क्यांचा वाटा तेवढाच वाढला तर वाढीचा दर ०.३८ टक्का-बिंदूनं चढतो.

याचं कारण अंबडच्या चहाच्या टपरीवरही कळतं. शंभर कोटींचा मालक दहा फ्रिज घेत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, स्विचगिअर बनतं. हे विकत घेणारा शेवटी पगारावर जगणारा माणूस आहे. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त कामगार आता कंत्राटी आहेत. मी ज्यांची पत्रकं करतो त्यांतल्या बहुतेकांचा पगार किमान वेतनाच्या रेषेला चिकटून असतो. दर अकरा महिन्यांनी ब्रेक, नवा ठेकेदार, पुन्हा तोच पगार. तो मोटरसायकल घ्यायला कचरतो, आणि मग आपल्याच कारखान्यात एक शिफ्ट कमी होते.

आणि पुरावा परदेशातूनच आणायला हवा असंही नाही. वाघाड धरण आपल्या दिंडोरी तालुक्यातलं. त्याच्या उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ओझरची शेती. वरच्या अंगाचे शेतकरी पाणी उपसायचे आणि टेलला कालवा कोरडा. नव्वदच्या सुमाराला समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, पट्टी संस्थेनं भरायची. टेलला हक्काचं पाणी पोचलं, विहिरींना पाणी वाढलं, जिथे जेमतेम जिरायती पीक निघायचं तिथे द्राक्षं आणि भाजीपाला उभा राहिला. पुढे अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार पाणी वापर संस्थांच्या हाती आला. राज्यानं २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, तेव्हा वाघाडचा अनुभव डोळ्यासमोर होता. तिथे धरणात एक थेंब जास्त आला नव्हता. वाटणी बदलली आणि त्या लाभक्षेत्राचं एकूण उत्पन्नच वाढलं. आमच्या निफाडच्या बागायतदारांनी तरी, वाटून दिल्यानं सगळेच गरीब होतात, हे वाक्य तोंडातून काढू नये.

डोंगरातल्या माणसाला मात्र वाटणीत यायला आधी कागद लागतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये फाटलेल्या टाचांचे फोटो सगळ्यांनी शेअर केले. त्यांची मुख्य मागणी वनजमिनीची होती. कसत्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, पण कागद अजून अडतोच. सात-बारावर कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून नाही, तर पीककर्ज मिळायला अडचण, विहिरीला अडचण, ठिबकच्या अनुदानाला अडचण. मग पावसाळ्यात उचल घ्यायला मुकादमाशिवाय कोण उरतं? निफाडला मला बँक कर्ज देते कारण माझ्याकडे तारण आहे. पेठच्या माणसाकडे तीन एकर कसलेली जमीन आहे आणि तारण नाही.

आता पगारपत्रकातली एक ओळ तुमच्यासमोर ठेवतो. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिना १०,००० च्या वर पगार असलेल्या प्रत्येक पुरुष कामगाराचा तो कापतो. बायकांना २५,००० पर्यंत माफी आहे. हा कर आला १९७५ मध्ये, १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारानं भरायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या हाताला काम द्यायचं. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्यानं देण्याची ही कल्पना पुढे सगळ्या देशानं उचलली. महाराष्ट्राला शहर आणि खेड्याची सांगड घालता येत होती, याचा हा पुरावा दर महिन्याला माझ्या हाताखालून जातो.

पण घटनेच्या कलम २७६ नं या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ च्या दुरुस्तीनंतर ती हललेली नाही. म्हणून महिना पंधरा हजारवाला कंत्राटी कामगार २,५०० भरतो आणि महिना पाच लाखवाला व्यवस्थापकही २,५००. पहिल्याच्या शंभर रुपयांतले सुमारे १ रुपया ४० पैसे जातात, दुसऱ्याच्या शंभरातले ४ पैसे. घटनादुरुस्ती तुमच्या अखत्यारीत नाही, मान्य. पण तुमच्या बैठकीला जिल्ह्याचे खासदार येतात. मर्यादा उठवा असा ठराव करून त्यांच्या हातात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे तेही सांगतो. अमृत आहार आणि हंगामी वसतिगृह या दोन्ही गोष्टी मजुरामागे जायला हव्यात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं राज्यानं चालवली आहेत, द्राक्षाच्या टोळ्यांना तीच सोय नाकारण्याचं कारण मला सापडत नाही. ऑक्टोबर ते मार्च निफाड आणि दिंडोरीतल्या टोळ्यांच्या मुक्कामांजवळ फिरती अंगणवाडी आणि दुपारचं जेवण सुरू करा. क्षेत्राबाहेर खर्च करता येत नाही ही सबब सांगू नका. आदिवासी उपयोजनेत, म्हणजे आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीत, क्षेत्राबाहेरच्या आदिवासींसाठीही तरतूद होते, आणि आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. फाइल फार लांब पाठवायची नाही.

दुसरं, तालुकावार तक्ता. उत्पन्न मोजता येत नसेल तर नका मोजू. पण सुरगाण्याच्या शाळांमधली डिसेंबरची प्रत्यक्ष हजेरी, रोजगार हमीवर मिळालेले कामाचे दिवस (२०२५-२६ साठी राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता), खुंटलेल्या मुलांची संख्या, मंजूर वनपट्ट्यांपैकी किती जणांना पीककर्ज मिळालं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पडून आहे. पंधरा तालुक्यांच्या पंधरा ओळी एका कागदावर आणा आणि आराखडा मंजूर करण्याआधी वाचा. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून जे रस्ते आणि सभामंडप घाईघाईनं मंजूर होतात, त्यातले थोडे तरी थांबतील.

सिंहस्थ कुंभमेळा २०२७ चं एवढंच म्हणतो : रस्ते, घाट, पूल यांवर हजारो कोटी लागणार आहेत आणि त्या कामांवर खडी वाहायला याच तालुक्यांतली माणसं येणार आहेत. बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर कापला जातोच. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव लागायला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देत नाही, ही रड मी वर्षानुवर्षं ऐकतो. सिंहस्थाच्या प्रत्येक कामाचं बिल निघण्याआधी त्या कामावरच्या मजुरांचे दाखले जोडलेले असावेत, एवढी एक अट घाला.

तुमच्या समितीला हे जमेल असं वाटण्याचं कारण घटनेतच आहे. कलम २४३-झेडडी म्हणतं की तुमचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगर संस्थांतून, गाव आणि शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून यावेत. शहरातल्या गंगापूर रोडचा आणि सुरगाण्याचा प्रतिनिधी एका टेबलाशी बसतील अशी जिल्ह्यात दुसरी जागा नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक बसले आणि ते टेबल वर्षानुवर्षं अर्धं रिकामं राहिलं, तो दोष मतदारांचा नव्हे.

टोळ्या सप्टेंबरच्या अखेरीपासून उतरायला लागतात. फिरत्या अंगणवाडीचा आणि वसतिगृहाचा निर्णय त्याआधीच्या बैठकीत झाला तरच या हंगामात उपयोग आहे. विषय पत्रिकेवर घेतलात तर पगारपत्रकांचे आकडे, नावं काढून, मी द्यायला तयार आहे. आमच्या शेडजवळ एक खोली आणि पाण्याची टाकीही आहे, पहिली अंगणवाडी तिथे बसवा.

कळावे,
आपला,
निफाडचा एक द्राक्ष बागायतदार आणि अंबडचा हिशेबनीस